ट्रकवरचं घर: पिकअप कॅम्पर निवडणं आणि सुधारणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपच्या हौद्यावर राहण्याची खोली म्हणजे कॅम्पर बसवायचा आणि महिनोन्‌महिने फिरायचं, तेही लडाख, स्पिती, अरुणाचल, नेपाळ अशा डांबर संपणाऱ्या भागांत, असा बेत असलेल्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांसाठी हे पान आहे. शनिवार-रविवार महाबळेश्वरला गाडीत झोपायचं असेल तर यातलं निम्मंही लागत नाही. गादी, पंखा आणि मच्छरदाणी पुरे.

आधी गाडी घ्यावी की आधी कॅम्पर ठरवावा?

आधी वजनाची यादी करा, मग कॅम्पर ठरवा, मग गाडी. बहुतेकांचं उलटं होतं. आवडलेली गाडी दारात उभी राहते, तिच्यावर बसेल तेवढी मोठी खोली बनते, आणि पहिल्याच वजनकाट्यावर कळतं की कपडे आणि पाणी भरायच्या आधीच क्षमता संपली. या पानावरच्या बऱ्याच बिघाडांचं मूळ जादा वजनात आहे. पाटा (लीफ स्प्रिंग) तुटणं, टायर फुटणं, ब्रेक तापणं, चासीला चीर जाणं, सगळं त्यातलंच.

आरसीवरचे आकडे कसे वाचायचे?

आरसीवर दोन वजनं असतात, अनलॅडन आणि लॅडन म्हणजे ग्रॉस. दोन्हींतला फरक ही तुमची सगळी मुभा. माणसं, पाणी, खोली, हत्यारं, नंतर बसवलेला प्रत्येक बोल्ट त्यात आला. समजा फरक १००० किलो आहे आणि प्रवासी दोघं आहेत:

दोन माणसं १४०, कॅम्परचा सांगाडा फर्निचर-गादीसह ३८०, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, बॅटरी-सोलर-वायरिंग ५५, भरलेला फ्रिज ४०, गॅस आणि भांडी ३०, कपडे-किराणा-अंथरूण ९०, हत्यारं आणि सुटे भाग ६०, दुसरी स्टेपनी ३०, बाजूची छत्री म्हणजे ऑनिंग १८, जादा डिझेल ४० लिटर म्हणजे सुमारे ३४ किलो. बेरीज ९५७.

उरले ४३ किलो, आणि या यादीत चैनीची एकही वस्तू नाही. खडबडीत रस्त्यावर मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांतच राहावं असं आमचं मत आहे, म्हणजे ही यादीसुद्धा जड झाली. कापायला सुरुवात सांगाड्यापासून करा. चमचे-वाट्या कमी करून काही साधत नाही.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स चालेल का?

ओढायला, चढायला दोन्ही उत्तम. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (कमी वेगाचे, जास्त ओढीचे गिअर) कोणत्या व्हेरियंटला आहे ते तपासून घ्या, सगळ्यांना नसतं. खरी अडचण आरसीवरच्या भारक्षमतेची आहे. खासगी वापरासाठी नोंदवलेल्या पाच सीटर पिकअपची कागदावरची क्षमता मालवाहू पिकअपपेक्षा बरीच कमी असते. तिथे टपावरचा तंबू किंवा हलकी कॅनॉपी (हौद्यावरचं झाकण), एक बॅटरी, एक फ्रिज इथेच थांबावं. पूर्ण खोली हवी असेल तर सिंगल कॅब (एकाच सीटरांगेची) किंवा मालवाहू नोंदणीची गाडी बघा. टाटा योद्धा आणि महिंद्रा बोलेरो पिकअप यांचे फोर बाय फोर प्रकार आहेत. आराम कमी, पण हौदा लांब, मागे जाड पाटे, आणि तालुक्याच्या गावीही सुटे भाग मिळतात. लांबच्या प्रवासात शेवटचा मुद्दा हॉर्सपॉवरपेक्षा मोठा.

फोर बाय फोर लागतेच का?

कोरड्या कच्च्या रस्त्याला नाही. मिरज पूर्व किंवा जतकडच्या काळ्या मातीत पहिला पाऊस पडल्यावर, बर्फात, नदीपात्रात लागते. पण लो रेंजचा खरा उपयोग वर चढण्यापेक्षा खाली उतरताना होतो. तीन टनांची गाडी ब्रेक न जाळता हळू उतरवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कायम बसवलेली खोली बरी की उतरवता येणारी?

उतरवता येणारी खोली चार जॅकवर उभी करून गाडी खालून काढता येते. एका गावी महिनाभर मुक्काम असेल, किंवा एरवी गाडी शेतीकामाला लागत असेल, तर हीच घ्या. तोटा असा की हौद्याचा पत्रा आणि खोलीची भिंत असं दुहेरी वजन वाहावं लागतं, आणि चाकांच्या उंचवट्यांमुळे आतली जागा अरुंद होते. कायमची खोली हलकी आणि प्रशस्त होते, पण गाडी बिघडली की घरही गॅरेजमध्ये.

छप्पर उचलणारं की पक्कं, हा दुसरा प्रश्न. उचलणारं छप्पर घाटातल्या वाऱ्यात, झाडांच्या फांद्यांत आणि रेल्वेच्या पुलाखाली सोयीचं. थंडीत मात्र त्याच्या कापडी भिंती गळक्या बादलीसारख्या उष्णता सोडतात. हिवाळ्यात लडाखला राहायचं असेल तर पक्क्या भिंतीच हव्यात. उन्हाळी-पावसाळी प्रवासाला उचलणारं छप्पर पुरतं, आणि ते हलकंही असतं.

आरटीओचं काय? एमएच-११ किंवा एमएच-१० ची गाडी अशी बदलता येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि त्यानुसार चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून होते.

यातून व्यवहाराचं असं निघतं: कायमची खोली बांधायची तर मंजुरी असलेल्या बांधणीदाराकडूनच घ्या आणि प्रमाणपत्र बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. उतरवता येणाऱ्या खोलीबद्दल सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतंय की' दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर चालत नाही. पुढचा लोखंडी बुलबार बसवूच नका, डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या सूचनेनुसार त्यावर बंदी आहे. शिवाय तो पन्नासेक किलो पुढच्या एक्सलवर टाकतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर दावा फेटाळला जाऊ शकतो.

वजन कुठे आणि कसं करायचं?

आपल्याकडे याची चैन आहे, काटे पावलोपावली. साखर कारखाने, मार्केट यार्ड, एमआयडीसी, हायवेवरचे खासगी काटे. फक्त नोव्हेंबर ते मार्च गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या काट्याकडे फिरकू नका, उसाच्या ट्रॉल्यांमागे दिवस जाईल.

तीन वजनं घ्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढची आणि मागची बेरीज पूर्ण वजनाशी जुळली पाहिजे. मोठा काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यांत दाखवतो, तेवढा फरक धरून चाला. टाकी भरलेली, पाणी भरलेलं, माणसं बसलेली असावीत. रिकाम्या गाडीचं वजन घेऊन समाधान मानणारे बरेच. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक एक्सलची मर्यादा दिलेली असते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर, हा प्रकार नेहमीचा.

सामान मागे ठेवलं तर नेमकं काय बिघडतं?

मागच्या दारावर स्टेपनी, दोन कॅन आणि शिडी मिळून ९० किलो लटकवले, ते मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आहेत आणि व्हीलबेस म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर ३.१ मीटर आहे असं धरा. ९० गुणिले १.२ भागिले ३.१ म्हणजे साधारण ३५. पुढचा एक्सल ३५ किलोंनी हलका होतो आणि मागच्यावर ९० ऐवजी १२५ किलो येतात. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या घाटात स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ जाऊ बघते. चासीही एक्सलच्या मागे वाकायला लागते.

पाण्याची टाकी, बॅटरी आणि हत्यारांची पेटी मागच्या एक्सलच्या पुढे आणि जमिनीलगत ठेवा. मागे फक्त हलकं सामान, गाद्या, कपडे, खुर्च्या. टपावर सोलर सोडून काही नको.

मागे गाडी बसते. एक पाटा वाढवू का?

आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत, रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा. भरल्यावर मागे ५० ते ६० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर काही करावं लागेल.

एक जाड पाटा मध्ये घुसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा उपाय. तो पाटा बाकीच्यांपेक्षा कडक असतो, म्हणून बाकीचे काम करत नाहीत आणि त्याच्या टोकाशी मेन पाट्यावर ताण एकवटतो. तिथेच तो तुटतो, आणि बहुधा जवळ गॅरेज नसताना. जुना पाटा ठोकून कमान परत आणलेलीही टिकत नाही, कारण पुन्हा उष्णता-प्रक्रिया न केलेलं पोलाद काही महिन्यांत बसतं. योग्य मार्ग म्हणजे कायम असणाऱ्या भाराचा आकडा देऊन पूर्ण जोड बनवून घेणं. काट्याची पावती पाटेवाल्याच्या हातात द्या. 'थोडी वर उचला' एवढ्यावर त्याला काम करायला लावू नका.

जोड बसवताना यू-बोल्ट (पाटे एक्सलला धरणारे) नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरत नाहीत. मधला सेंटर बोल्ट, शॅकल आणि बुश त्याच वेळी बदला. ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने यू-बोल्ट पुन्हा आवळा. हे विसरलं की पाटे एकमेकांवर घासून सेंटर बोल्ट कापला जातो आणि मागचा एक्सल तिरका होतो.

आणखी एक गोष्ट गॅरेजवाले क्वचितच सांगतात. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ भारानुसार ब्रेक वाटणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि एक्सल यांतलं अंतर बघून तो ठरवतो की गाडी भरली आहे की रिकामी. गाडी उचलल्यावर त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. हेडलाइटही पुन्हा सेट करा.

पाट्यांना आधार म्हणून सस्पेन्शनच्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) बसवल्या तर?

भार रोज बदलत असेल तर उपयोगी, कॅम्परला नाहीत. पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटतो. एअरबॅग तो एकाच ठिकाणी टाकते. मागे लांब लटकणारा भार आणि हवा भरून कडक केलेली बॅग एकत्र आली की हौदा आणि केबिन यांच्या मधोमध चासी वाकलेल्या डबल कॅब अनेक देशांत दिसतात. वापरायच्याच असतील तर हवा कमी ठेवा आणि मूळ बंप स्टॉप (एक्सल चासीवर आपटू न देणारे रबर) काढू नका.

खोली चासीला कशी धरायची?

चासी पिळते, खोली पिळत नाही. दोन्ही सगळीकडून घट्ट आवळल्या तर पिळ कुठेतरी बाहेर पडतो. आधी दार अडकतं, मग कोपऱ्यांचे सांधे फुटतात, शेवटी चासीला चीर जाते. लांब चासीच्या गाडीवर खोलीखाली वेगळी सबफ्रेम म्हणजे आधाराची चौकट हवी, एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवर किंवा मधल्या एका बिजागरीवर. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. गरज पडली तर उभ्या पट्टीत, उत्पादकाने दिलेल्या भोकांत.

उतरवता येणाऱ्या खोलीसाठी चार टर्नबकल (फिरवून आवळायचे दुवे) पुरतात, पण त्यांची पकड चासीवरच्या ब्रॅकेटला हवी, हौद्याच्या पत्र्याला नको. खोलीखाली ८ ते १० मिलिमीटरचा रबरी मॅट घाला. पहिल्या तीस किलोमीटर कच्च्या रस्त्यानंतर टर्नबकल ढिले झालेले आढळतात, ते आवळून लॉकनट लावा.

तपासणी सोपी आहे. पुढचं एक चाक वीसेक सेंटिमीटरच्या दगडावर चढवा, तिरक्या बाजूचं मागचं चाक तेवढ्याच उंचीवर, आणि खोलीचं दार उघडून बघा. अडकलं तर बांधणी चुकली.

भिंती कशाच्या?

आपल्याकडचे फॅब्रिकेटर उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात वाकबगार आहेत आणि मजबुती म्हणजे जाड अँगल हे गणित त्यांच्या हातात बसलेलं आहे. कॅम्परला ते महागात पडतं. १८ गेजचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, त्यात चौकोनी पाइपचा सांगाडा आणि आतून ६ मिलिमीटर प्लाय धरला की १८ ते १९ किलो. दोन्हीकडे दीड मिलिमीटर फायबरग्लास आणि मध्ये ३० मिलिमीटर एक्सपीएस फोम असं सँडविच पॅनल सहा-सात किलोत बसतं आणि त्याला वेगळा सांगाडाही लागत नाही. मध्यम कॅम्परचं एकूण पृष्ठफळ २२ चौरस मीटर धरलं तर फरक अडीचशे किलोंचा. चार माणसांचं वजन झालं ते!

फर्निचरला १२ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तुकडा सुमारे २४ किलो भरतो. दारं आणि फळ्या ६ मिलिमीटरच्या करा, जिथे स्क्रू धरायचा तिथेच जाड पट्टी लावा. प्लाय आयएस ७१० दर्जाचा. सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट, सिलिकॉन नको. सिलिकॉनच्या जागी नंतर रंग आणि दुसरं सीलंट धरत नाही, त्यामुळे गळती एकदा लागली की कायमची.

वीज किती लागते?

दोघांचा दिवस असा: १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ५०० वॉट-तास, पंखा रात्रभर २००, फोन-लॅपटॉप १५०, दिवे आणि पंप ५०. म्हणजे ९००. दोन दिवस ऊन नसतानाही भागावं म्हणून १५० ॲम्पियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, तीत १९२० वॉट-तास असतात. ३०० वॉटचं सोलर पठारावरच्या चांगल्या उन्हात, साडेचार तासांचं पूर्ण ऊन आणि तीस टक्के तूट धरून, साडेनऊशेच्या आसपास देतं. जुलैत पाटणकडे त्याच्या चौथ्या हिश्श्यावरही भागवावं लागेल.

म्हणून चालत्या गाडीतून भरणारा ३० ॲम्पियरचा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. तासाला जवळपास ४०० वॉट-तास येतात. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे जुन्या पद्धतीचा साधा रिले लावला तर दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. 'सोलर आहे तरी बॅटरी मरते' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

इंडक्शन शेगडीचा मोह होतो. १००० वॉट म्हणजे बॅटरीतून ९० ते १०० ॲम्पियर. रोज तासभर चालवायची तर बॅटरी आणि सोलर दोन्ही दुप्पट करावे लागतील आणि वजनही वाढेल.

वायरिंगमध्ये काय चुकतं?

पातळ वायर आणि नसलेला फ्यूज. ३० ॲम्पियर, पुढच्या बॅटरीपासून मागपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. १६ चौरस मिलिमीटर तांब्यात ०.३३ व्होल्ट पडतात, ६ मध्ये जवळजवळ ०.९. बाजारात वेल्डिंग केबल म्हणून मिळणाऱ्या काही वायरी वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम असतात. एक तार सुरीने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर परत करा.

प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हला वीतभर अंतरातच फ्यूज, दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हीकडे. या चार्जरला ५० ॲम्पियरचा चालतो. सांधे पिळून टेप गुंडाळलेले नकोत, हायड्रॉलिक क्रिंपने दाबलेले आणि हीटश्रिंक चढवलेले हवेत. खडखडाटात टेपचा सांधा महिन्याभरात गरम व्हायला लागतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट लावा.

लडाखच्या थंडीत बॅटरीचं काय होतं?

शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. वापरायला हरकत नाही, भरायला आहे. बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का हे घेतानाच विचारा, आणि बॅटरी खोलीच्या आत ठेवा.

गॅस, हीटर आणि उंचीवरचा स्वयंपाक

पाच किलोचा सिलिंडर दोघांना तीन-चार आठवडे पुरतो. त्याची पेटी आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारी असावी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. नळी दरवर्षी बदला. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतो, म्हणून थंड सकाळी शेगडी मंद पेटते. सिलिंडर तापवायला त्याच्याखाली काही पेटवू नका. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांनाच उकळतं, डाळ शिजायची तर कुकर हवाच.

झोपताना ऊब हवी तर डिझेल हीटर, आणि तोही दोन किलोवॉटचाच. पाच किलोवॉटचा लहान खोलीत सतत मंद चालतो, त्यात काजळी धरते आणि ऐन थंडीत तो पेटत नाही. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून डिझेलचं प्रमाण कमी करणारी उंचीची सेटिंग असलेला घ्या. ज्वलनाची हवा आणि धूर दोन्ही नळ्या बाहेर, आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. गॅस शेगडी उबेसाठी पेटती ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रीत अर्धा लिटर किंवा जास्तच पाणी भिंतींवर जमतं आणि गादीखाली बुरशी धरते.

पाणी आणि शौचालय?

माणशी दिवसाला स्वयंपाक, पिणं आणि अंग पुसणं धरून ८ ते १० लिटर. ८० लिटरच्या टाकीत आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर पाणी हेलकावे खाऊन गाडी ढकलतं. जत-आटपाडीकडच्या बोअरचं खारं पाणी शेगडीवर आणि पंपात क्षार धरतं. पिण्याला गाळ-फिल्टर आणि त्यानंतर यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचा) फिल्टर लावा. आरओ पाणी वाया घालवतो. शौचालय म्हणाल तर २० लिटरचं हाती उचलायचं कॅसेट पुरतं. ते नदीत किंवा ओढ्यात रिकामं करायचं नाही, सार्वजनिक शौचालयातच.

टायर कोणते?

नक्षी बघण्याआधी लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) बघा. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०, १२१ म्हणजे १४५०. काट्यावरचं मागच्या एक्सलचं वजन निम्मं करा आणि टायरची क्षमता त्यापेक्षा किमान २० टक्के जास्त ठेवा. भरलेल्या गाडीला हायवेवर मागे ४० ते ४५ पीएसआय, खडीच्या रस्त्यावर ३० च्या आसपास, वाळूत १८ ते २०, आणि हवा कमी केली की वेगही कमी. परत डांबरावर आल्यावर हवा न भरता ८० ने पळवणं म्हणजे टायरची बाजू आतून शिजवणं. कंप्रेसर थेट बॅटरीवर चालणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवरचा नको.

बीएस-६ गाडी दूर नेता येते का?

भारतात अडचण नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरला की गाडी ती काजळी जाळायला जास्त वेग मागते. गावात मंद चालवून, उभ्या गाडीत एसी लावून तो भरत राहतो. दिवा लागला की अर्धा तास हायवेवर एकसारख्या वेगात चालवा. डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण) उणे ११ अंशांना गोठतं. गाडीतल्या टाकीला हीटर असतो, पण बाहेरच्या कॅनमधलं गोठलेलंच राहतं. डिझेलही घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत टिकणारं हिवाळी डिझेल आणलं. खालून भरून आलेली टाकी वर जाईपर्यंत संपवा आणि तिथलं भरा.

चिखलात रुतलो तर? विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) घ्यावा का?

पंचवीस-तीस किलो पुढच्या टोकाला कायम वाहण्याइतका तो लागत नाही. दोन रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या), फावडं, रेटिंग लिहिलेला दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या) आणि हवा कमी करणं यावर बहुतेक वेळा सुटका होते. शिवाय आपल्या मुलखात हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टरने ओढताना दोर चासीला बोल्ट केलेल्या रिकव्हरी हुकलाच लावा. टो-बॉलला, बंपरला किंवा वाहतुकीत गाडी बांधायच्या छोट्या कडीला कधीच नाही, ताण येताच तुटलेला गोळा गोळीसारखा सुटतो. झटका देऊ नका, दोर आधी ताणून घ्या, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागे सरकवा. सगळ्यात अवघड काम हे शेवटचंच.

सुटे भाग कोणते?

दोन डिझेल फिल्टर, एक ऑइल फिल्टर, फॅन बेल्ट, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या नळ्या, पाच लिटर कूलंट, पुढचे ब्रेक पॅड, एक यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, व्हील बेअरिंगचा एक संच, फ्यूज, पाण्याचा पंप, ट्यूबलेस पंक्चरच्या वाती. बाकीचं कुरिअरने मागवा.

निघण्याआधी चाचणी कुठे?

पूर्ण भरलेल्या गाडीने कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरा आणि परत चढा. उतरताना लो गिअर. खाली थांबल्यावर जळका वास आला किंवा पेडल खाली गेलं तर भार आणि ब्रेक दोन्ही पुन्हा बघा. मग पाऊस: जुलैत महाबळेश्वरात दोन रात्री, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गळती असेल तर तिथेच सापडते, आणि पसरणी घाट उतरलं की वाईत सीलंट मिळतं. शेवटी जत किंवा माणच्या कच्च्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर, म्हणजे सगळे स्क्रू, कप्पे आणि बिजागऱ्या कळतील. मग परत काट्यावर.

रात्री मुक्काम कुठेही करता येत नाही. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, कास पठार जागतिक वारशात आहे. तिथे गाडी लावून झोपायचं नाही. शेतमालकाला विचारून वस्तीवर, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर.

नेपाळ किंवा त्यापुढे?

नेपाळला भारतीय गाडीसाठी कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा सीमाशुल्काचा हमी-कागद) लागत नाही, सीमेवर दिवसांप्रमाणे भन्सार म्हणजे सीमाशुल्क भरून पावती घ्यायची. त्यापुढच्या बऱ्याच देशांना कार्नेट लागतं, ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं आणि त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार मोठी हमी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ एक वर्षासाठी देतो. गाडीची मूळ रचना आणि कागद जुळत नसतील तर हे सगळं तिथेच अडतं.

जुना कॅम्पर घेताना काय बघायचं?

आतल्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली अंगठ्याने जोरात दाबा, प्लाय मऊ लागला तर आत पाणी आहे. दार बंद करून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का बघा. चासीवर नवा काळा रंग एकाच जागी असेल तर खरवडून खाली वेल्डिंग आहे का पाहा. पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजा. आरसीवरचा बॉडी प्रकार प्रत्यक्षाशी जुळतो का ते वाचा. आणि सौद्याआधी मालकासोबत काट्यावर चला. येत नाही म्हणाला तर दुसरा बघा.